गोंदाच्या दोन बाटल्यांसाठी तापणारी खोली

थंडीचा दुसरा महिना सुरू झाला आणि दादाचा फोन आला. "बिल दुप्पट आलंय रे. फोनवरून चालू-बंद होणारा प्लग मिळतो ना, तेवढा एक लावून दे."

त्याच्या घरामागे साधारण २५ मीटरवर सुतारकामाची खोली आहे. ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, उंची अडीच मीटरला जरा कमी. भिंती विटांच्या, वर नुसता पत्रा, खाली काँक्रीटची जमीन. आत एक करवत मशीन, एक रंधा मशीन, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि कोपऱ्यात तेल भरलेला, चाकांवर फिरणारा २ किलोवॅटचा हीटर. आठवड्यातून चार संध्याकाळी दादा तिथे दोन-अडीच तास असतो. हीटर मात्र दिवसरात्र चालू असायचा, अर्ध्या बटणावर, म्हणजे १ किलोवॅटवर.

आता १ किलोवॅट चोवीस तास म्हणजे रोजची २४ युनिटं. एवढा हिशेब त्यालाही येतो. पण "मंद ठेवलाय" या शब्दांत काहीतरी जादू असते, माणसाला ते फुकटच वाटतं.

प्लग लावायच्या आधी मी दोन गोष्टी केल्या. खोलीच्या लाइनवर इलेक्ट्रिशियनकडून सब-मीटर बसवून घेतला आणि दादाला म्हटलं, एक आठवडा जसं चाललंय तसंच चालू दे. आठवड्याला १७१ युनिटं पडली. आकडा हातात नसता तर पुढचं सगळं अंदाजपंचे झालं असतं. बिलावरून काही कळत नाही, त्यात घर, पंप, गीझर सगळ्यांची खिचडी असते.

दुसरी गोष्ट, त्याला विचारलं की हीटर चालू का ठेवतोस? तीन कारणं निघाली. एक, लोखंडाला गंज चढतो. दोन, गोंद गारठतो आणि मग धरत नाही. तीन, संध्याकाळी गेल्यावर हात बधिर होतात, खोली तापेपर्यंत निम्मा वेळ जातो. या तीन कारणांकडे पुढे परत यावं लागलं. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती, पण मलाही आधी रिले (विजेने चालू-बंद होणारा खटका) आणि सेन्सरच दिसत होते.

प्लग का लावला नाही

हीटरची पुस्तिका एका खणात, भुश्शाखाली सापडली. सरकत्या हीटरच्या पुस्तिकेत जे वाक्य बहुतेकदा असतं, ते तीतही होतं: टायमर, प्रोग्रॅमर किंवा दूरनियंत्रणासारख्या, हीटर आपोआप चालू करणाऱ्या कुठल्याही साधनावर हा हीटर चालवू नये, कारण तो झाकला गेला असेल किंवा चुकीच्या जागी असेल तर आग लागू शकते. खोलीतल्या हीटरांसाठीच्या आयईसी ६०३३५-२-३० या आंतरराष्ट्रीय मानकातून ही सूचना येते. कंपनीने उगाच हात झटकलेत असं समजून आपण ती ओलांडतो. पण त्या खोलीत उभं राहून वाचली तर ती अक्षरशः खरी होती. हीटर चाकांवर. शेजारी फळ्या. वर खुंटीला दादाचा कामाचा कोट. जमिनीवर भुस्सा. तिथे माणूस नसताना कुणीतरी दहा किलोमीटरवरून बटण दाबणार!

शिवाय प्लगचा स्वतःचाही प्रश्न होता. २ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर. बऱ्याच स्वस्त प्लगांवर १० अँपिअर छापलेलं असतं आणि ते खोटं नसतं, पण त्या आकड्याच्या इतक्या जवळ, तासन्‌तास, रोज चालवलं की आतला रिले आणि प्लगच्या पिना तापतात. रिलेचे संपर्क चिकटले तर फोनवर "बंद" दिसतं आणि हीटर आत निवांत जळत असतो. मिक्सर किंवा दिव्याच्या बाबतीत हे चालून जातं. हीटरच्या बाबतीत नाही.

म्हणून सरकता हीटर घरात गेला. त्याच्या जागी भिंतीवर पक्का बसणारा, तेवढ्याच वॅटचा पॅनेल हीटर आला, ज्याच्या पुस्तिकेत बाहेरच्या नियंत्रणाला स्पष्ट परवानगी होती. त्याला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा), आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा) आणि २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा रिले. वाय-फायवर आज्ञा घेणाऱ्या छोट्या कंट्रोलरचा रिले फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल उचलतो, हीटरचा भार त्याच्यावर येत नाही. हे सगळं इलेक्ट्रिशियनने केलं, मी बॅटरी धरून उभा होतो. कंट्रोलरवर प्रोग्रॅम घातला आणि तो घरातल्या कॉम्प्युटरवरच्या होम असिस्टंटला, म्हणजे घरातली साधनं चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, जोडला. बाहेरून त्यात शिरायला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची खाजगी सुरक्षित वाट, ठेवलं, राउटरचं दार इंटरनेटला उघडं टाकलं नाही.

नेटवर्कची रड थोडक्यात सांगतो. पत्रा आणि विटा मिळून वाय-फाय चांगलंच अडवतात. ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल खोलीपर्यंत पोचतच नव्हता. २.४ चा पोचत होता, पण फक्त खिडकीपाशी. कंट्रोलरचा डबा खिडकीशेजारी हलवला, प्रश्न मिटला. दोन इमारतींमध्ये तांब्याची नेटवर्क केबल टाकायचा मोह झाला होता. वीज कडाडली की तीच केबल दोन्हीकडचं सामान जाळू शकते, म्हणून तो सोडला. टाकायचीच असती तर वीज न वाहणारी फायबर टाकली असती.

खोलीतून निघतानाच्या दारापाशी एक साधा खटका लावला आणि त्यावर दादाने खडूने "पाहिलं" असं लिहिलं. निघताना हीटरभोवती एक मीटर मोकळं आहे, भुस्सा ओढून घेतलाय, वॉर्निशचा डबा उघडा नाही, एवढं पाहायचं आणि खटका खाली करायचा. खटका वर असेल तर फोनवरून काहीही दाबा, हीटर चालू होत नाही. सगळ्या जोडणीत सर्वात स्वस्त वस्तू हीच, आणि मला विचाराल तर सर्वात कामाची. छताला धुराचा नव्हे, उष्णतेचा अलार्म बसवला. सुतारकामाच्या धुळीत धुराचा अलार्म उगाच कोकलतो आणि मग लोक त्याची बॅटरीच काढून ठेवतात.

उणे १२७ अंश

पहिली मांडणी अशी होती: संध्याकाळी दादा ऑफिसातून निघताना फोनवर "तापव" दाबणार. एरवी खोलीचं तापमान ५ अंशांच्या खाली गेलं तर हीटर आपणहून चालू होऊन ते सावरणार. गंज आणि गोंदासाठी ही सोय. तापमान मोजायला डीएस१८बी२० हा छोटा डिजिटल सेन्सर, तीन तारांचा.

पाचव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. "भावजी, रात्रभर त्या खोलीचा लाल दिवा चालू आहे. हे तर रात्री तिकडे गेलेच नव्हते."

जाऊन पाहिलं. खोली तशी गरम नव्हती, पण हीटर हात लावू देत नव्हता. सब-मीटर आदल्या रात्रीपेक्षा १७ युनिटांनी पुढे. फोनवर खोलीचं तापमान: उणे १२७.

झालं होतं एवढंच. दादाने लांब फळी आत घेताना सेन्सरची तार ओढली गेली आणि स्क्रूखालून एक टोक निसटलं. सेन्सरशी बोलणं तुटलं की अनेक प्रोग्रॅम "उत्तर नाही" हे सांगायला −१२७ हा आकडा देतात. माणसाला हसू येतं. कंट्रोलरला मी लिहून दिलं होतं की ५ च्या खाली हीटर लाव. −१२७ हे ५ च्या खालीच असतं. बिचाऱ्याने इमानेइतबारे रात्रभर हीटर लावला.

याच सेन्सरचा दुसरा असाच आकडा म्हणजे ८५. वीज आल्याआल्या, पहिलं मोजमाप व्हायच्या आत तो ८५ अंश सांगतो. चिपच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलंच आहे. त्याने हीटर बंद राहतो, म्हणून आग नाही लागत, पण खोली का तापली नाही हे शोधत माणूस तासभर घालवतो.

त्या सकाळी भुश्शात मांडी घालून नियम पुन्हा लिहिले. उणे २० ते ५० च्या बाहेरचा कुठलाही आकडा आला तर सेन्सर मेला असं धरायचं, हीटर बंद, फोनवर निरोप. वीज जाऊन परत आली तर हीटर बंदच राहील, आधी चालू असला तरी. एकदा चालू केल्यावर जास्तीत जास्त चार तास, मग आपोआप बंद. आणि हे चार तास कंट्रोलर स्वतः मोजेल. आधी ते घरातल्या कॉम्प्युटरवर मोजले जात होते. म्हणजे मधेच वाय-फाय गेलं असतं तर "बंद कर" हा निरोप वाटेतच अडकला असता आणि खोलीला कळलंच नसतं. लांबून चालू न होणं ही गैरसोय आहे. लांबून बंद न होणं हा धोका आहे. दोन्हींना एकाच तराजूत तोलून मी पहिली मांडणी केली होती, ती चूक माझी.

फोनवरचं "चालू/बंद" हेही बदललं. ते आता रिलेची आज्ञा दाखवत नाही, हीटरच्या तारेतून खरंच किती वॅट जाताहेत ते दाखवतं. शून्य दिसलं तरच बंद.

त्या आठवड्याची बेरीज ६६ युनिटं झाली, एकट्या त्या रात्रीचे १७ धरून. दादा खूश. मी नव्हतो.

तीन कारणांची झडती

सब-मीटर रोज पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपू लागली. कुणी नसताना, नुसते ५ अंश राखायला उरलेल्या सहा रात्रींत १७ युनिटं गेली होती. कशासाठी?

गोंदासाठी. पांढऱ्या गोंदाचा नीट थर बसायला साधारण ५ ते १० अंश तरी लागतात, गोठला तर तो बिघडूही शकतो, हे खरं. पण गोंद होता किती? दोन बाटल्या. पंचवीस मीटरवर घर आहे. वहिनींनी जिन्याखालच्या कपाटात एक कप्पा मोकळा करून दिला आणि प्रकरण संपलं. दोन बाटल्या उबदार राहाव्यात म्हणून आम्ही ३६ घनमीटरची खोली पत्र्याखाली रात्रभर तापवत होतो! ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्याही त्याच कप्प्यात गेल्या. त्या शून्याखाली चार्ज करायच्या नसतातच.

मग गंज. इथे दादाचा समज असा की थंडीने गंज चढतो. गंजाला ओल लागते. लोखंडाचा पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) गार झाला की त्यावर पाणी धरतं. १८ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तिचा दवबिंदू जवळपास १० अंश. करवतीचं टेबल ७ अंशांवर असेल तर त्याला घाम फुटणारच. विजेचा हीटर हवेत पाणी घालत नाही, पण माणसाचा श्वास, ओले बूट, अर्धवट वाळलेलं लाकूड घालतं. (गॅसचा उघडा हीटर तर घालतोच घालतो: १ किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन खोलीत येतं. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. लांबून पेटवायच्या यादीत तो येऊच नये.) गंजावरचा उपाय निघाला मेणाचा एक डबा, चिंधी आणि मशीनवर टाकायला जाड कापड. काम संपलं की टेबल पुसायचं, मेणाचा हात फिरवायचा. पाच मिनिटं.

उरले बधिर हात. हे कारण खरं होतं, आणि दूरनियंत्रणाची गरज खरी इथेच होती.

तेव्हा आपोआप तापवणं मी काढूनच टाकलं. माणसाने मागितल्याशिवाय खोली तापत नाही. खोलीत पाण्याची पाइप असती तर हा निर्णय घेता आला नसता, पाइप गोठून फुटू नये म्हणून काही अंश राखावेच लागतात. इथे नळ नाही.

दादाला शंका होती, आणि ती सगळ्यांनाच असते. "पूर्ण गार झालेली खोली परत तापवायला जास्त वीज नाही का जाणार? त्यापेक्षा मंद ठेवलेलं बरं." गळकी बादली डोळ्यांसमोर आणा. पाणी जितकं वर, तितकी धार जोरात. भरलेली ठेवायची म्हटलं तर दिवसभर वरच्या पातळीचं गळणं सोसावं लागतं. रिकामी होऊ दिली तर गळणं थांबतं, आणि परत भरायला लागतं ते फार तर एक बादलीभर. उष्णतेचंही तसंच, आत-बाहेरचा फरक जितका कमी तितकी गळती कमी. साध्या विजेच्या हीटरला हा हिशेब कायम लागू. रात्रीचा दर स्वस्त असेल किंवा हीट पंप (बाहेरची उष्णता आत ओढून आणणारं यंत्र) असेल तर गणित थोडं वेगळं होतं.

तिसऱ्या आठवड्यात ३३ युनिटं पडली.

हवा तापते, खोली नाही

आता तक्रार आली ती तापण्याच्या वेळेची. दादा पोचायच्या अर्धा तास आधी "तापव" दाबायचा, फोनवर १६ अंश दिसायचे, आणि आत आल्यावर रंधा मशीनच्या पाट्यावर हात ठेवला की हात मागे यायचा. "तुझा सेन्सर खोटं बोलतो."

सेन्सर खरं बोलत होता, पण छतापाशी बसून. गरम हवा वर जाते. तो कामाच्या टेबलाच्या उंचीवर आणला तेव्हा १६ चे ११ झाले. शिवाय हवा हा प्रकारच फसवा. त्या खोलीतली सगळी हवा मिळून ४३ किलो, तिला १० अंशांनी वर चढवायला सुमारे ०.१२ युनिट लागतं. २ किलोवॅटला चार मिनिटांचंही काम नाही. आणि जमीन? १० सेंटिमीटर जाड काँक्रीट, ३,६०० किलो. तिला एक अंश, फक्त एक, वर न्यायला जवळपास ०.९ युनिट. भिंती वेगळ्याच. हवा झटकन तापते आणि जमीन-भिंती तिच्यातली ऊब शांतपणे पीत बसतात. दुसरा सेन्सर मग करवतीच्या टेबलाखाली चिकटवला. तिथला आकडा १२ झाला की फोनवर "या" असा निरोप येतो. सुरुवातीला त्याला दीड तास लागत होता.

वहिनींचं म्हणणं, "पूर्वी हे मला निघताना फोन करायचे. आता खोलीला करतात."

दीड तास कमी करायला मोठा हीटर हा सोपा मोह. पण गळती कुठून आहे ते मांडून पाहिलं. इन्सुलेशन नसलेला पत्रा दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण ६ वॅट सोडतो. १५ चौरस मीटरचे झाले ९० वॅट. भिंती मिळून ७५ च्या आसपास, दार-खिडक्या २०, फटींमधून जाणारी हवा आणि जमीन २५. एकूण अंशामागे २१० वॅट. म्हणजे २ किलोवॅट पूर्ण जोरात चालवले तरी खोली बाहेरपेक्षा फार तर १० अंश गरम होणार. आणि आधीचा तो "मंद" हीटर? १ किलोवॅट, म्हणजे जेमतेम ५ अंश. बाहेर ४ असताना आत ९. चोवीस तास वीज जाळून दादा खोली ९ अंशांवर ठेवत होता आणि तरी हात बधिर होतच होते.

पत्र्याखाली ५० मिलिमीटरचा थर्मोकोल बसवला, फटी फोमने भरल्या, आणि खालून जिप्सम बोर्ड. बोर्ड शोभेसाठी नाही. थर्मोकोल उघडा ठेवायचा नसतो, तो पेटतो आणि वितळून टपकतो. आत जाणारी वाफ पत्र्याला लागून थेंब होऊ नयेत म्हणून बोर्डाच्या वर प्लास्टिकचा सलग कागद ताणला, सांधे टेपने बंद. दोन रविवार गेले, मानेची वाट लागली. छताची गळती ९० वॅटवरून ९-१० वर आली, खोलीची २१० वरून १३० वर.

पुढच्या आठवड्यात २१ युनिटं. तो आठवडा पहिल्यापेक्षा सरासरी दोन अंशांनी गारच होता, त्यामुळे आकड्यावर कुणाला शंका घ्यायची असेल तर ती आमच्या बाजूनेच घ्यावी लागेल. दीड तासाची वाट आता ५० मिनिटांवर आली आहे. कंट्रोलर स्वतः एखादा वॅट खातो, महिन्याला एक युनिटही नाही.

मला विचारलं गेलं की हीट पंप का नाही. तो एका युनिटात तीन युनिटांच्या आसपास उष्णता आत आणतो, रोज आठ-दहा तास वापर असता तर मी तोच सुचवला असता. आठवड्याच्या २१ युनिटांमधून तो वाचवून वाचवणार किती? टेबलावर लटकणारा इन्फ्रारेड पॅनेल मात्र करून पाहण्यासारखा होता. तो हवेपेक्षा माणसाला तापवतो, अडीच तासांच्या कामाला तसा सोयीचा. पण तो येईपर्यंत भिंतीवरचा हीटर बसला होता.

गेल्या आठवड्यात दादाने "तापव" दाबलं आणि ऑफिसातच अडकला, विसरूनही गेला. रात्री घरी आल्यावर फोनवर निरोप होता: चार तास पूर्ण, हीटर बंद, सध्या ० वॅट. सब-मीटरवर ६ युनिटं फुकट गेलेली. त्यावर त्याने मला फोन करून आधी बरंच सुनावलं की चार तास फार होतात, दोन कर. मी तीन केले.

दाराखालची बोटभर फट अजून तशीच आहे. तिथे रबरी पट्टी लावायची ठरली आहे, पट्टी आणूनही झाली. ती मशीनवर गुंडाळून ठेवलेली मी स्वतः पाहिली.